दार आतून उघडणारे जिवाणू

काम इतकं सोपं आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी सांगायचं राहिलंय. ॲसिनेटोबॅक्टर बेलाय नावाचा मातीत राहणारा एक निरुपद्रवी जिवाणू आहे. त्याचं रात्रभर वाढवलेलं कल्चर घ्यायचं, त्यातलं थोडं ताज्या पोषक द्रवात टाकायचं, त्यावर आपण तयार केलेला डीएनए पिपेटने सोडायचा, नळी ३० अंशांवर हलत ठेवायची आणि घरी जायचं. सकाळी येऊन ते प्लेटवर पसरायचं. नळीतल्या काही जिवाणूंनी रात्रीतून तो डीएनए उचललेला असतो, आत ओढून नेलेला असतो आणि स्वतःच्या जीनोममध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या आनुवंशिक मजकुरात, नेमक्या आपल्याला हव्या त्या जागी बसवलेला असतो. विजेचा झटका नाही, बर्फ नाही, कात्रीही नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या माणसाला हे ऐकून आधी थोडा रागच येतो. मला आला होता. आम्ही सगळे ई. कोलायवर, म्हणजे प्रयोगशाळांच्या नेहमीच्या, आतड्यातल्या जिवाणूवर शिकलेले. तिथे जिवाणू कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवून बर्फात ठेवायचे, मग ४२ अंशांच्या पाण्यात घड्याळ लावून ९० सेकंद, की लगेच पुन्हा बर्फात. कॅल्शियमची ही युक्ती १९७० साली मँडेल आणि हिगा या दोघांनी दाखवली आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली. पण तो मुळात दार फोडून आत शिरण्याचा प्रकार आहे. ई. कोलायला तो डीएनए नको असतो. आपण त्याच्या आवरणाची दमछाक करून तो आत ढकलतो. आमच्या बॅचमध्ये प्रॅक्टिकलच्या दिवशी निम्म्या प्लेट कोऱ्याच निघाल्या आणि सगळा दोष पाण्याच्या तापमानावर ढकलून आम्ही मोकळे झालो. शिवाय आत गेलेला डीएनए जर सरळ तुकडा असेल, दोन्ही टोकं उघडी असतील, तर ई. कोलायची विकरं तो टोकाकडून कुरतडून टाकतात. म्हणून तिथे सगळा कारभार प्लाझ्मिडचा, म्हणजे गोल वेटोळ्याचा.

ॲसिनेटोबॅक्टरसारखे जिवाणू दार आतून उघडतात. परिसरात पडलेला उघडा डीएनए आत घेण्याची आणि जमला तर जीनोममध्ये जोडण्याची ही क्षमता त्यांची स्वतःची आहे, आणि तिच्यासाठी लागणारी जनुकंही त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंग्रजीत याला नॅचरल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, मराठीत नैसर्गिक रूपांतरण म्हणू. जिवाणू अशा तयारीत असला की तो ‘कॉम्पिटंट’ झाला असं म्हणायची पद्धत आहे. आजवर ऐंशीहून जास्त जातींत हे आढळलंय. आपलं शहाणपण एवढंच, की तो काय उचलणार आहे हे आपण ठरवायचं.

हे पहिल्यांदा दिसलं ते उंदरांच्या मरणातून. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम करत होता. या जिवाणूचे दोन अवतार: साखरेचं गुळगुळीत कवच असलेला, जो उंदराला मारतो, आणि कवच हरवलेला खरबरीत, जो काही करत नाही. ग्रिफिथने कवचवाले जिवाणू उष्णतेने मारले, त्यात जिवंत पण निरुपद्रवी खरबरीत जिवाणू मिसळले आणि ते मिश्रण उंदरांना टोचलं. उंदीर मेले. मेलेल्या उंदरांच्या रक्तात जिवंत, कवचवाले जिवाणू सापडले. कवचाची जातही मेलेल्यांचीच होती, त्यामुळे खरबरीत जिवाणूंनाच पुन्हा कवच आलं असेल अशी पळवाट उरली नाही. निबंध छापला गेला १९२८मध्ये. मेलेल्या जिवाणूंकडून जिवंतांकडे नेमकं काय गेलं, हे शोधायला पुढे न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओस्वाल्ड एव्हरीच्या प्रयोगशाळेला वर्षानुवर्षं लागली. १९४४मध्ये एव्हरी, मॅकलिऑड आणि मॅकार्टी यांनी सांगितलं, की तो पदार्थ डीएनए आहे. एव्हरी तेव्हा ६६ वर्षांचा होता. ग्रिफिथला हे उत्तर कळलं नाही. १९४१मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो गेला होता.

आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए आहे हे आपल्याला पहिल्यांदा जिवाणूंच्या या सवयीमुळे कळलं. पाठ्यपुस्तकात हा प्रयोग ‘डीएनएचा पुरावा’ म्हणून येतो आणि सवय मागे पडते. या लेखात मला त्या सवयीबद्दलच सांगायचंय.

जिवाणूच्या अंगावर केसापेक्षा कितीतरी बारीक, प्रथिनांचे धागे असतात. त्यांना पिली म्हणतात. हा धागा बाहेर फेकायचा, पुन्हा आत ओढायचा, असं अविरत चालू असतं. खाडीच्या काठी गळ टाकून बसलेल्या माणसासारखं. २०१८मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या अंकुर दालिया यांच्या गटाने कॉलऱ्याच्या जिवाणूचे हे धागे एका चमकत्या रंगाने आणि डीएनए दुसऱ्या रंगाने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ही मासेमारी प्रत्यक्ष पाहिली. धाग्याचं टोक डीएनएला चिकटतं, धागा मागे ओढला जातो आणि डीएनए बाहेरच्या आवरणातल्या छिद्रातून आत खेचला जातो. ते छिद्र इतकं अरुंद आहे, की दुमडलेला डीएनए जेमतेम मावतो.

आत आल्यावरही तो लगेच पेशीच्या गाभ्यात जात नाही. डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. आतल्या पडद्यातल्या एका मार्गिकेतून फक्त एकच धागा आत घेतला जातो, दुसऱ्याचे तुकडे होतात. आत आलेल्या एकेरी धाग्याला काही प्रथिनं लगेच वेढून घेतात, नाहीतर तोही कुरतडला जाईल. मग त्यावर रेक-ए नावाचं प्रथिन चढतं आणि जीनोमभर एक शोध सुरू होतो: या धाग्याशी जुळणारा मजकूर कुठे आहे? तो सापडला, की जुना धागा बाजूला सारून नवा त्याच्या जागी बसतो. जुळणारं काहीच सापडलं नाही, तर आलेल्या धाग्याची मोडतोड होते आणि त्याची अक्षरं, म्हणजे डीएनए ज्यांचा बनतो ते सुटे घटक, पेशीच्या इतर कामाला लागतात.

जिवाणू हे मुळात का करतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी म्हणतं खाण्यासाठी, कुणी म्हणतं स्वतःच्या डीएनएच्या डागडुजीसाठी, कुणी म्हणतं नव्या गुणांसाठी. ‘शिळ्या डीएनएवर पोट भरतात’ हे मत मला बरेच दिवस पटत होतं. पण मग एकेरी धागा इतक्या काळजीने जपण्याची गरज काय, याचं उत्तर मिळत नाही.

प्रत्येक जिवाणूची कॉम्पिटंट होण्याची वेळ वेगळी. गनोरिया देणारा नायसेरिया कायमच तयार. न्यूमोनियाचा जिवाणू आजूबाजूला आपले भाऊबंद वाढले, की १७ अमिनो आम्लांचा एक छोटा संदेश सोडतो. तो सगळ्यांपर्यंत पोचला, की अख्खी वस्ती थोड्या मिनिटांसाठी दारं उघडते आणि पुन्हा बंद करते. बॅसिलस सबटिलिस उपाशी आणि गर्दीत असेल तेव्हाच उघडतो, तेही दहा-वीस टक्केच जिवाणू, बाकीचे वाट बघतात.

कॉलऱ्याच्या जिवाणूचं मात्र मजेशीर आहे. त्याला कोळंबी-खेकड्याचं कवच लागतं. कवचातल्या कायटिनवर वस्ती केली, की टीएफओएक्स नावाचं जनुक चालू होतं आणि दारं उघडतात. मेलानी ब्लोकेश यांच्या गटाने पुढे दाखवलं, की त्याच वेळी हा जिवाणू शेजाऱ्याला विषारी भाला खुपसून मारतो आणि त्याच्या फुटलेल्या पेशीतला डीएनए उचलतो. अशा लुटीत दीड लाखाहून जास्त अक्षरांचा प्रदेशसुद्धा बदलला जाऊ शकतो. प्रयोगशाळेत कवच टाकत बसायची गरज नसते. टीएफओएक्स कृत्रिमपणे चालू केलं तरी भागतं.

काही जिवाणू चोखंदळ असतात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आपल्या जातीचा डीएनए नऊ अक्षरांच्या खुणेवरून ओळखतो. त्याच्या जीनोममध्ये ती खूण दीड हजाराच्या आसपास वेळा येते. त्याला काही द्यायचं असेल तर त्यात ही खूण घालून द्यावी लागते. याच जिवाणूत परका डीएनए का टिकत नाही हे बघताना हॅमिल्टन स्मिथला डीएनए ठरावीक जागी कापणारं विकर सापडलं, त्यावर अख्खं जनुकीय अभियांत्रिकीचं युग उभं राहिलं आणि १९७८चं नोबेलही मिळालं.

आता आपल्या बाजूचं काम.

समजा, तुम्हाला जिवाणूच्या ३६ लाख अक्षरांच्या जीनोममधून एक जनुक काढून टाकायचंय आणि त्या जागी दुसरं काही ठेवायचंय. जिवाणूला पत्ता कसा सांगायचा? पत्ता म्हणजे शेजार. त्या जनुकाच्या अगदी अलीकडची हजारभर अक्षरं आणि अगदी पलीकडची हजारभर अक्षरं जशीच्या तशी घ्यायची, मध्ये आपला मजकूर ठेवायचा. या दोन्ही बाजूंना प्रयोगशाळेच्या भाषेत ‘आर्म्स’ म्हणतात, आपण बाहू म्हणू. रेक-ए जेव्हा जुळणी शोधत फिरतं तेव्हा त्याला डावा बाहू जुळतो, उजवा बाहू जुळतो, आणि मधलं ओझं आपोआप त्या दोघांमध्ये अडकून जातं. जुनं जनुक बाहेर, नवं आत. जुन्या कापडाला ठिगळ लावताना ठिगळाच्या कडा कापडाच्या विणीशी जुळल्या तर शिवण दिसत नाही, तसं. फक्त इथे शिंपी जिवाणू आहे. आपण फक्त कडा कातरून दिल्या.

हा तुकडा तयार करायला फार काही लागत नाही. तिन्ही भाग वेगवेगळ्या पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, वाढवायचे, त्यांच्या टोकांना एकमेकांची वीस-पंचवीस अक्षरं आधीच जोडून ठेवायची, मग तिघांना एकत्र आणखी एका पीसीआरमध्ये घालायचं. एकमेकांवर चढणाऱ्या टोकांमुळे ते एका लांब तुकड्यात शिवले जातात. प्लाझ्मिड नको, क्लोनिंगचे आठवडे नकोत. बाहू जितके लांब तितकं काम सोपं. कॉलऱ्याच्या जिवाणूवर काम करणारे तीन-तीन हजार अक्षरांचे बाहू वापरतात. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते: पैसे वाचवायला बाहू छोटे ठेवायचे आणि मग रूपांतरणाला दोष द्यायचा.

प्रश्न उरतो निवडीचा. नळीत कोट्यवधी जिवाणू आहेत, त्यातल्या थोड्यांनीच बदल स्वीकारलाय. ते शोधायचे कसे? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मधल्या मजकुरात प्रतिजैविकाला न जुमानणारं जनुक ठेवायचं, उदाहरणार्थ कॅनामायसिनचं. कॅनामायसिन घातलेल्या प्लेटवर ज्यांनी तुकडा घेतला तेच वाढतील. फ्रान्समधल्या जीनोस्कोप या संस्थेने हेच ॲसिनेटोबॅक्टरच्या जवळपास प्रत्येक जनुकासाठी एकेक करून केलं. २००८मध्ये त्यांनी २५९४ जनुकं काढलेल्या वाणांचा संग्रह जाहीर केला. ४९९ जनुकं काही केल्या निघाली नाहीत. म्हणजे त्यांच्याशिवाय हा जिवाणू बहुधा जगत नाही. कोणतं जनुक अत्यावश्यक, याची इतकी थेट चाचपणी दुसऱ्या फार थोड्या जिवाणूंमध्ये झाली आहे.

पण प्रतिजैविकाचं जनुक कायमचं मागे ठेवणं बरं नाही. एक तर ते धोक्याचं, दुसरं म्हणजे पुढच्या बदलासाठी तेच प्रतिजैविक पुन्हा वापरता येत नाही. यावरचा उपाय मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. कॅनामायसिनच्या जनुकाला एक विश्वासघातकी साथीदार जोडायचा. ॲसिनेटोबॅक्टरसाठी वापरतात ते टीडीके नावाचं जनुक. हे जनुक असलेल्या जिवाणूला एझेडटी, म्हणजे एचआयव्हीवरचं जुनं औषध दिलं, की तो ते औषध स्वतःच डीएनएच्या सुट्या भागात बदलतो, त्यातून वाढणारा डीएनए अर्ध्यात तुटतो आणि जिवाणू मरतो. म्हणजे पहिल्या फेरीत कॅनामायसिनवर वाढणारे निवडायचे. दुसऱ्या फेरीत फक्त दोन्ही बाहू एकमेकांना चिकटवलेला तुकडा द्यायचा, मध्ये काहीच नाही, आणि एझेडटीच्या प्लेटवर पसरायचं. ज्यांनी ती जोडी बाहेर टाकली तेच जगतील. जीनोममध्ये आता ना जुनं जनुक, ना प्रतिजैविकाचं, कुठे शिवणही नाही. बॅसिलसकडून उसनं घेतलेलं, साखर मिळाली की जिवाणूला मारणारं एक जनुकही इतर जिवाणूंमध्ये असंच वापरतात. तिथे औषधाऐवजी साखर घातली की काम होतं.

इथवर एकेक बदल. पण एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी बदल करायचा असेल तर?

२०१४मध्ये दालिया आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट पकडली. कॉम्पिटंट झालेल्या वस्तीत सगळेच जिवाणू दार उघडत नाहीत. जे उघडतात ते मात्र बऱ्यापैकी उघडं ठेवतात. ज्या घरात एक पाहुणा शिरला, तिथे दुसराही शिरलेला असायची शक्यता मोठी. म्हणून दोन तुकडे एकत्र द्यायचे. एकात प्रतिजैविकाचं जनुक, तेही जीनोममधल्या अशा जागी जाणारं जिथे काहीच बिघडत नाही. दुसऱ्यात खरा हवा तो बदल, कुठलीही खूण न लावलेला. मग फक्त प्रतिजैविकावर निवड करायची. समजा, एकेका तुकड्याची शक्यता शंभरात एक आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसता, तर निवडलेल्यांपैकीही शंभरात एकातच दुसरा तुकडा सापडला असता. प्रत्यक्षात, योग्य तयारीने, निवडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये तो खूण न लावलेला बदलही सापडतो.

दुसऱ्या तुकड्याऐवजी पाच द्या, नऊ द्या. प्रत्येक जिवाणूत वेगळं मिश्रण तयार होतं: कुणात दोन बदल, कुणात चार. पुढच्या फेरीत निरुपद्रवी जागेवरचं प्रतिजैविकाचं जनुक दुसऱ्याने बदलायचं, कॅनामायसिनच्या जागी स्पेक्टिनोमायसिन, आणि तेच तुकडे पुन्हा द्यायचे. तिसऱ्या फेरीत उलट. निवडीची जागा एकच, बदल मात्र जीनोमभर साचत जातात. या पद्धतीला म्यूजेंट म्हणतात. पहिल्या प्रयोगात त्यांनी याच पद्धतीने कॉलऱ्याच्या जिवाणूची रूपांतरण होण्याची क्षमता आठवड्याभरात ३० पट वाढवली. थोडक्यात, दार उघडणाऱ्याकडूनच आणखी मोठं दार करून घेतलं.

पुढे व्हिब्रिओ नॅट्रिजेन्स आला. हा अमेरिकेच्या जॉर्जिया किनाऱ्यावरच्या खारट चिखलातला, आणि अनुकूल परिस्थितीत तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. ई. कोलायला वीस मिनिटं लागतात. २०१७मध्ये दालियांच्या गटाने त्यात पीएचबी, म्हणजे कुजणाऱ्या प्लास्टिकचा कच्चा माल, जास्त बनवून घेण्यासाठी नऊ जनुकांवर एकत्र बदल सोडले. प्रत्येक जागेला दोनच पर्याय धरले तरी ५१२ जोड्या होतात. माणसाने एकेक बांधून बघायच्या झाल्या तर पीएचडी संपेल. आठवड्याभरात मूळ वाणापेक्षा सुमारे १०० पट पीएचबी बनवणारे वाण हाती आले. विचार करून, कागदावर आखून जो वाण बनवला होता, त्याच्याही तिप्पट वर. मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. चयापचयाचं गणित आपल्याला पुरतं समजलंय असं मानून बसलेल्यांना तो बोचायला हवा.

पद्धतीत दोन अडचणी आहेत, त्याही सांगून टाकतो. बसवलेला धागा एकेरी असतो, त्यामुळे बदलाच्या जागी काही वेळ एक धागा नवा आणि एक जुना अशी स्थिती असते. पेशी दुभंगली की एका पिल्लात बदल जातो, दुसऱ्यात नाही. प्रतिजैविकाने निवडलेल्या जागेपुरतं ठीक, पण खूण न लावलेल्या बदलांसाठी एकच कॉलनी, म्हणजे प्लेटवर एका पेशीपासून वाढलेला ठिपका, अर्धी-अर्धी निघू शकते. म्हणून पुन्हा एकदा पसरून वेगळी करावी लागते. दुसरं, फक्त एक-दोन अक्षरं बदलली असतील तर पेशीची चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्याला चूकच समजते आणि पुन्हा जुनं अक्षर आणून ठेवते. त्यासाठी ही यंत्रणा तात्पुरती बंद ठेवावी लागते. मुद्रितशोधकाला चहाला पाठवायचं आणि तेवढ्यात मजकूर बदलून घ्यायचा.

या सवयीची ताकद किती, याचं सर्वांत टोकाचं उदाहरण जपानमधलं आहे. बॅसिलस सबटिलिसचा १६८ नावाचा वाण १९४०च्या दशकात किरणांचा मारा करून मिळवलेला. त्याला ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नव्हतं. १९५८मध्ये जॉन स्पिझिझेनने दाखवलं, की त्याला इतर बॅसिलसचा डीएनए दिला की ती उणीव भरून निघते. हाच जिवाणू जपानच्या नात्तोत, मणिपूरच्या हवाइजारमध्ये आणि सिक्कीमच्या किनेमात सोयाबीन आंबवतो, त्यामुळे आपल्या ईशान्येत तो शेकडो वर्षं स्वयंपाकघरातला आहे.

टोकियोत मित्सुहिरो इताया यांनी ठरवलं, की या जिवाणूच्या जीनोममध्ये दुसऱ्या एका जिवाणूचा अख्खा जीनोम बसवायचा. पाहुणा होता सिनेकोसिस्टिस, प्रकाशसंश्लेषण करणारा, ३५ लाख अक्षरांचा. यजमान ४२ लाखांचा. एवढा मोठा डीएनए एका वेळी कुणी गिळत नाही, म्हणून त्यांनी अळीच्या चालीने काम केलं. आधी पाहुण्याच्या जीनोमचे दोन छोटे तुकडे यजमानाच्या जीनोममध्ये शेजारी शेजारी बसवायचे. मग सिनेकोसिस्टिसचा डीएनए द्यायचा. हे दोन तुकडे बाहूंचं काम करतात, त्यांच्यामधला मजकूर भरला जातो. आता भरलेल्या भागाचं टोक पुढचा बाहू. पुढे आणखी एक छोटा तुकडा ठेवायचा, मधलं भरायचं, निवडीची खूण आलटून पालटून बदलायची. असं करत करत २००५मध्ये ७७ लाख अक्षरांचा एक जोड-जीनोम तयार झाला.

आणि मग तो हिरवा झाला का? नाही. तो बॅसिलसच्याच अन्नावर वाढला, प्रकाशावर नाही. प्रकाशसंश्लेषणाची सगळी जनुकं आत असूनही पेशी ती वाचायला तयार नव्हती. ग्रंथ घरात आहे, लिपी येत नाही. आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. सिनेकोसिस्टिसची रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची जनुकं वगळली नाहीत तर जीनोम स्थिर राहत नाही. आणि जीनोमची प्रत जिथून निघते ती जागा आणि जिथे संपते ती जागा, यांच्या दोन्ही बाजूंची लांबी साधारण सारखी ठेवावी लागते, नाहीतर तराजू कलंडतो. जिवाणू काय सोसतो आणि काय सोसत नाही, याचे हे दोन नियम कुठल्याही सिद्धांतातून आधी सांगता आले नसते.

अलीकडचं एक काम आतड्याच्या कर्करोगाचं आहे. मरणाऱ्या गाठीतून डीएनएचे तुकडे आतड्यात पडत असतात. मग डीएनए उचलणारा जिवाणूच तपासनीस म्हणून का पाठवू नये? २०२३मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने ॲसिनेटोबॅक्टरला केरास या, कर्करोगात अनेकदा बिघडलेल्या जनुकाचे बाहू दिले. उंदरांच्या आतड्यात प्रतिजैविकाला न जुमानणारं खुणेचं जनुक घातलेल्या गाठी वाढवल्या, जिवाणू गुदमार्गाने सोडले आणि मग त्यांना बाहेर काढून प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरलं. गाठ असलेल्या उंदरांतून आलेले जिवाणू वाढले, इतरांतले नाहीत. केरासमधलं फक्त एक अक्षर बदललेलं ओळखणं वेगळं आणि कठीण, तेही त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं: निरोगी केराससारखा डीएनए आला, की क्रिस्पर, म्हणजे ठरावीक मजकूर ओळखून डीएनए कापणारी यंत्रणा, तो आतच कापून टाकेल अशी सोय करून. माणसापर्यंत हे यायला वेळ आहे, आणि आतड्यात प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू सोडणं कुणाला मंजूर होईल हा प्रश्नही आहेच.

कारण हीच सवय दवाखान्यात आपल्या जिवावर उठते. न्यूमोनियाच्या जिवाणूला पेनिसिलिन लागू पडेनासं झालं ते बऱ्याच अंशी शेजारच्या निरुपद्रवी भाऊबंदांच्या जनुकांचे तुकडे उचलून. त्या जनुकांचा मजकूर वाचला तर तो गोधडीसारखा दिसतो, ठिकठिकाणी वेगळं कापड. आपल्या अतिदक्षता विभागांना छळणारा ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी हा वर सांगितलेल्या निरुपद्रवी जिवाणूचा चुलतभाऊ, आणि त्यालाही दार उघडता येतं.

‘नैसर्गिक’ या शब्दाने म्हणून फसू नये. कायदा तरी फसत नाही. भारतात १९८९चे नियम आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यांत परकं जनुक बाहेरून घातलं तर ती जनुकीय अभियांत्रिकी, आणि फक्त एखादं जनुक काढून टाकलं तरीही ती जनुकीय अभियांत्रिकीच. डीएनए कुणी आत ओढला, आपण की जिवाणूने, हे तिथे बघत नाहीत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी दोन्हीकडे सारखीच लागते.

कुणाला महाविद्यालयात हे करून बघायचं असेल, परवानगीने, तर एक जास्तीची नळी नक्की ठेवा. तीच कल्चर, तोच तुकडा, तेवढाच वेळ, पण डीएनए घालण्याआधी त्यात डीएनेज टाका, म्हणजे डीएनए खाऊन टाकणारं विकर. पेशीच्या आतल्या डीएनएपर्यंत ते पोचत नाही, बाहेर पोहत असलेला तेवढा संपवतं. अशाच विकरांचा वापर एव्हरीच्या गटानेही केला होता. दुसऱ्या दिवशी पहिली प्लेट कॉलन्यांनी भरलेली असेल. डीएनेजवाली प्लेट कोरी असेल, आणि ही कोरी प्लेट तेवढी तापमानावर ढकलायची नाही.